युकेच्या कुटुंब व्हिसासाठी घर-तपासणी रिपोर्ट: सातारा-सांगलीकरांचे नेहमीचे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी युकेमध्ये नोकरीला आणि जोडीदार अजून साताऱ्यात, कराडला, मिरजेला किंवा विट्याला, अशी घरं आता बरीच आहेत. व्हिसाची फाइल लावताना कुणीतरी सांगतं, "प्रॉपर्टी रिपोर्ट लागेल." मग इथल्या घराचं मूल्यांकन करून आणण्याची धावपळ सुरू होते, आणि खरा रिपोर्ट तिकडच्या घराचा हवा होता हे उशिरा कळतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रॉपर्टी इन्स्पेक्शन आणि प्रॉपर्टी व्हॅल्युएशन एकच का?

नाही. इन्स्पेक्शन रिपोर्ट युकेमधल्या घराचा असतो, म्हणजे व्हिसा मिळाल्यावर अर्जदार जिथे राहणार त्या घराचा. त्यात घराची किंमत नसते. किती खोल्या, प्रत्येक खोली किती मोठी, आत्ता कितीजण राहतात, आणखी एक माणूस आला तर गर्दी होईल का, आणि घर राहायला सुरक्षित आहे का, एवढंच असतं. व्हॅल्युएशन रिपोर्ट इथल्या घराचा, प्लॉटचा किंवा शेतीचा असतो आणि त्यात फक्त किंमत असते. पती-पत्नीच्या व्हिसाला पहिला उपयोगी पडतो, दुसरा जवळपास कधीच नाही. व्हॅल्युएशनचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

कोणत्या व्हिसाला घर दाखवावं लागतं?

पती किंवा पत्नी, होणारा जोडीदार, आई-वडिलांकडे जाणारं मूल आणि अवलंबून असलेले वृद्ध आई-वडील या कुटुंब व्हिसांना. नियम असा की सरकारी मदत न घेता कुटुंबाला पुरेसं घर असलं पाहिजे, आणि ते स्वतःच्या मालकीचं किंवा फक्त त्या कुटुंबाच्या वापरातलं असलं पाहिजे. "फक्त त्यांच्या वापरातलं" म्हणजे अख्खं घर नव्हे. सासरच्यांसोबत राहत असाल आणि एक बेडरूम नवरा-बायकोची स्वतःची असेल, तरी चालतं. स्वयंपाकघर, बाथरूम सामाईक असलं तरी अडत नाही.

टुरिस्ट व्हिसा, स्टुडंट व्हिसा आणि स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा डिपेन्डंट व्हिसा, यांना हा घराचा नियम नाही. मिरजेच्या दवाखान्यांतून तिकडे गेलेल्या नर्सच्या घरचे हा प्रश्न हमखास विचारतात. नर्स स्किल्ड वर्करच्या हेल्थ अँड केअर व्हिसावर असेल, तर नवऱ्याच्या डिपेन्डंट अर्जाला हा रिपोर्ट लागत नाही. केअर वर्कर म्हणून गेलेल्यांचा प्रश्न मात्र निराळा आहे. ११ मार्च २०२४ पासून नव्याने अर्ज करणाऱ्या केअर वर्करना जोडीदार आणि मुलं नेताच येत नाहीत, तिथे घराच्या रिपोर्टने काही साधत नाही.

रिपोर्ट सक्तीचा आहे का?

नाही. नियमात "पुरेसं घर" दाखवा एवढंच आहे, इन्स्पेक्शन रिपोर्टच जोडा असं कुठेही नाही. रिपोर्ट हा पुरावा आहे, फॉर्म नव्हे. नवरा एकटा वन-बेडरूम फ्लॅटमध्ये राहतो, भाडेकरार त्याच्या नावावर आहे आणि बायको येणार आहे, एवढंच असेल तर भाडेकरार, घरमालकाचं संमतीपत्र, कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या स्थानिक कराचं बिल आणि खोल्यांचे दोन-चार फोटो पुरतात. अशा फाइलला रिपोर्टचा खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रिपोर्ट कामाला येतो तो पुढच्या परिस्थितीत: घरात आधीच चारपाच माणसं आहेत, घर सासऱ्यांचं, मामाचं किंवा भावाचं आहे, मित्रांसोबत खोली भाड्याने घेतली आहे, खोल्या लहान आहेत, भाडेकरारात खोल्यांची संख्या लिहिलेली नाही, किंवा आधीचा अर्ज घराच्या मुद्द्यावर नाकारला गेला आहे. यातलं काही लागू असेल तर रिपोर्ट घ्याच.

गर्दी आहे की नाही हे कसं ठरतं? अंदाजाने?

अंदाजाने नाही. इंग्लंडमध्ये १९८५ चा हाउसिंग ॲक्ट आहे. त्यात दोन कसोट्या आहेत, आणि घर दोन्हींत उतरलं पाहिजे. स्कॉटलंडमध्ये १९८७ चा वेगळा कायदा आहे, पण मोजण्याची पद्धत बरीचशी हीच.

पहिली कसोटी खोल्यांची. नवरा-बायको नसलेल्या स्त्री आणि पुरुषाला एकाच खोलीत झोपावं लागता कामा नये. दहा वर्षांखालची मुलं यात धरत नाहीत. म्हणजे सासूबाई आणि मोठा दीर यांना एका खोलीत घालून हिशेब बसवता येत नाही, तसंच अकरा वर्षांचा भाऊ आणि तेरा वर्षांची बहीण यांनाही नाही. रात्री प्रत्यक्षात कोण कुठे झोपतं हे इथे महत्त्वाचं नाही. उपलब्ध खोल्यांत सगळ्यांची नियमाप्रमाणे सोय लावता येते का, एवढंच पाहतात.

दुसरी कसोटी जागेची, आणि खरी गफलत इथेच होते. यात दोन हिशेब करायचे आणि कमी येईल तो आकडा धरायचा.

एक हिशेब खोल्यांच्या संख्येवर. एका खोलीला २ माणसं, दोन खोल्यांना ३, तीन खोल्यांना ५, चार खोल्यांना साडेसात, आणि पाच किंवा जास्त खोल्या असतील तर खोलीमागे २.

दुसरा हिशेब क्षेत्रफळावर. ११० चौरस फूट किंवा जास्त खोलीला २ माणसं. ९० ते ११० च्या आत दीड. ७० ते ९० च्या आत एक. ५० ते ७० च्या आत अर्धा. ५० चौरस फुटांखालची खोली खोली म्हणून धरतच नाहीत, आणि मग ती पहिल्या हिशेबातूनही गळते. तिकडचे तपासनीस चौरस मीटरमध्ये लिहितात, त्यांचे आकडे साधारण १०.२, ८.४, ६.५ आणि ४.६ असे येतात.

माणसं मोजताना एक वर्षाखालचं बाळ धरत नाहीत, एक पूर्ण ते दहा वर्षांखालचं मूल अर्धं, आणि दहा पूर्ण झालेल्यापासून पुढे प्रत्येकजण पूर्ण एक.

एक उदाहरण देता का?

लेस्टरमधलं जुनं रांगेतलं घर धरा, इस्टेट एजंटच्या भाषेत थ्री बेडरूम. समोरची बैठकीची खोली १२ बाय ११.५, म्हणजे १३८ चौरस फूट. मागची बैठकीची खोली १० बाय ९.५, म्हणजे ९५. वरची मोठी बेडरूम १२ बाय १०, म्हणजे १२०. दुसरी बेडरूम ९ बाय ८.५, म्हणजे साडेशहात्तर. तिसरी छोटी खोली ७.५ बाय ६.५, म्हणजे ४८.७५.

तिसरी खोली ५० च्या आत, म्हणून बाद. जाहिरातीत बेडरूम तीन असल्या तरी बैठकीच्या दोन आणि बेडरूम दोन अशा चारच खोल्या राहिल्या. संख्येच्या हिशेबाने साडेसात. क्षेत्रफळाच्या हिशेबाने २ + १.५ + २ + १ = ६.५. कमी आकडा साडेसहा, म्हणून घराची मान्य संख्या साडेसहा.

आता माणसं. मुलगा, त्याचे आई-वडील, भाऊ, भावजय असे पाच. भावाचा चार वर्षांचा मुलगा अर्धा. आठ महिन्यांची मुलगी शून्य. एकूण साडेपाच. कोरेगावहून सून गेली की साडेसहा. बरोबर काठावर, पण बसतं. खोल्यांच्या कसोटीतही तीन जोडपी आणि चार खोल्या, अडचण नाही.

पण नियमातले शब्द असे आहेत की घरात गर्दी असता कामा नये आणि "होणार" असताही कामा नये. बाळ चार महिन्यांनी वर्षाचं झालं की सात होतात, आणि घर बसत नाही. अशा फाइलमध्ये रिपोर्टवरची आजची बेरीज बरोबर असूनही अधिकारी प्रश्न काढू शकतो. इथे उपाय एकच: भावाचं कुटुंब वेगळं होणार असेल तर त्यांच्या नव्या भाडेकरारासह तसं लेखी द्यावं, नाहीतर मुलाने दुसरं घर बघावं. वाढदिवसांच्या तारखा कागदावर मांडून मगच तपासनीस बोलवा.

आमच्याकडे खणांवर घर मोजतात, तिकडे फीत नेमकी कुठून कुठे लावतात?

भिंतीपासून भिंतीपर्यंत, जमिनीच्या पातळीवर. भिंतीतली फिक्स कपाटं आणि बे विंडोची बाहेर आलेली जागा क्षेत्रफळात धरतात, त्यामुळे मुलाने घरी मोजताना कपाटाच्या दारापासून मोजलं तर आकडा उगाच कमी येतो. उलट लॉफ्टमध्ये, उतरत्या छपराखाली जिथे उंची पाच फुटांपेक्षा कमी होते ती जागा वजा करतात. लॉफ्टची खोली डोळ्यांना १५० चौरस फूट दिसते आणि रिपोर्टमध्ये ९५ येते ती यामुळेच. म्हणून मुलाला आधी स्वतः फीत लावायला सांगा. पन्नास, सत्तर, नव्वद, एकशेदहा या आकड्यांच्या जवळ असलेली प्रत्येक खोली दोनदा मोजावी. एका इंचाने अर्धा माणूस जातो किंवा येतो.

हॉल धरतात का? किचनमध्ये तर कॉट मावते.

हॉल, म्हणजे बैठकीची खोली, धरतात, कारण झोपायला वापरता येण्याजोग्या खोल्यांत ती मोडते. किचन, बाथरूम, जिना, पॅसेज धरत नाहीत, त्यात कॉट मावत असली तरी. किचन आणि हॉल एकत्र असलेल्या ओपन प्लॅन फ्लॅटमध्ये वाद होऊ शकतो. तिथे स्वयंपाकाचा कोपरा वजा करून राहिलेल्या जागेचं माप तपासनीसाकडून वेगळं लिहून घ्यावं.

मुलगा चार मित्रांसोबत राहतो. बायको त्याच खोलीत आली तर?

भाडेकरारात त्याची खोली स्वतंत्र आहे का, हे पहिलं. दुसरं, घरमालकाने दोघांना परवानगी दिली आहे का. तिसरं लायसन्सचं. इंग्लंडमध्ये एकाहून अधिक कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं एका घरात राहत असतील आणि किचन-बाथरूम सामाईक असेल, तर घरमालकाला १ ऑक्टोबर २०१८ पासून लायसन्स सक्तीचं आहे, आणि अशा घरांत झोपण्याच्या खोलीचं किमान माप एका माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२ चौरस मीटर. मुलाची खोली ९ चौरस मीटरची असेल तर लायसन्सच्या अटीतच दुसरं माणूस बसत नाही, मग रिपोर्ट कितीही चांगला करून घ्या. चार मित्र आणि तो, असे पाच आधीच झाले; घरमालकाकडे लायसन्स नसेल तर ते घर फाइलमध्ये दाखवूच नका. लग्न ठरल्यावर मुलाने दोन-तीन महिने आधी वन-बेडरूम फ्लॅट घेणं, हा मार्ग महाग वाटतो, पण फाइल स्वच्छ राहते.

घराच्या अवस्थेत काय बघतात?

२००४ च्या हाउसिंग ॲक्टखाली धोक्यांची २९ प्रकारांची यादी आहे: ओल आणि बुरशी, अति थंडी, आग, जिन्यावरून पडणं, वीज, कार्बन मोनॉक्साइड, दाटी वगैरे. गंभीर धोका "कॅटेगरी एक" म्हणून नोंदला गेला तर फाइल अडचणीत येते. किरकोळ धोके लिहिले जातात, पण त्यावर अर्ज सहसा अडत नाही.

प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळा निघते ती बुरशी. खिडक्या बंद, आत वाळत घातलेले कपडे, चार माणसांचा स्वयंपाक, आणि बाहेर थंडी. पावसाळ्यात महाबळेश्वरला भिंतीला आणि कपड्यांना जी काळी बुरशी धरते, तीच तिथे डिसेंबरात बेडरूमच्या कोपऱ्यात येते. तपासणीच्या आदल्या दिवशी पुसून घेतली तर ती लपत नाही, डाग राहतो आणि वासही. दोन-तीन आठवडे आधी बुरशीनाशकाने साफ करावं, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू आहे का बघावं, कपडे वाळवायची जागा बदलावी. पण भिंतीतून पाणी झिरपत असेल तर ते घरमालकाचं काम. त्याला ईमेलवर लिहून दुरुस्ती करून घ्या आणि दुरुस्तीनंतरच तपासणी लावा.

भाड्याच्या घरात प्रत्येक राहत्या मजल्यावर स्मोक अलार्म लागतो, आणि बॉयलर किंवा फायरप्लेस असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड अलार्म. गॅस शेगडीसाठी हा दुसरा अलार्म सक्तीचा नाही, पण बॉयलर किचनमध्ये असेल तर किचनमध्ये लागतोच. अलार्मचं बटण दाबून आवाज येतो का, हे मुलाने आधीच बघावं. बॅटरी काढून ठेवलेली असणं ही अगदी नेहमीची चूक आहे. घरमालकाकडून वर्षाचं गॅस सेफ्टी सर्टिफिकेट आणि पाच वर्षांच्या आतला विजेचा रिपोर्ट मागून ठेवावा.

तपासणी कोण करतो? किती खर्च येतो?

होम ऑफिसची, म्हणजे व्हिसाचे निर्णय घेणाऱ्या युकेच्या सरकारी खात्याची, मान्यताप्राप्त तपासनीसांची यादी नाही. "आम्ही होम ऑफिस अप्रूव्हड" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. काही ठिकाणची कौन्सिल, म्हणजे तिथल्या नगरपालिका, ही सेवा देतात, काहींनी बंद केली आहे, आणि जिथे आहे तिथे तारखेसाठी थांबावं लागतं. खासगीत चार्टर्ड सर्व्हेअर किंवा पर्यावरण आरोग्य अधिकारी म्हणून पात्रता असलेला माणूस पाहावा, आणि त्याने २९ धोक्यांच्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं आहे का, हे विचारावं. खासगी फी साधारण शंभर ते दोनशे पौंडांत असते. घर मोठं किंवा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हवा असेल तर जास्त. प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची असते.

साताऱ्यातला एजंट म्हणतो, "फोटो आणि नकाशा द्या, रिपोर्ट आम्ही मागवतो." चालेल का?

तपासनीस घरात गेलाच नसेल तर अजिबात नको. घर न पाहता "पाहिलं" असं लिहिलेला कागद हा खोटा कागद आहे. रिपोर्टवरच्या नंबरवर होम ऑफिसने चौकशी केली आणि ते उघड झालं, तर अर्ज तर जातोच, शिवाय फसवणुकीच्या कारणावर दहा वर्षं व्हिसाबंदी लागू शकते. शंभर पौंड वाचवण्यासाठी सुनेची दहा वर्षं डावावर लावू नका. तपासनीसाची वेळ मुलाने स्वतः ठरवावी, पैसे स्वतःच्या कार्डावरून द्यावेत, पावती फाइलला ठेवावी.

तपासणीच्या दिवशी मुलाने काय तयार ठेवावं?

घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि नातं लिहिलेला एक कागद. अर्जदाराच्या पासपोर्टच्या फोटोपानाची प्रत इथून आधीच पाठवावी. भाडेकरार किंवा मालकीचा कागद. सगळ्या खोल्या उघड्या हव्यात. "ती खोली मित्राची, किल्ली त्याच्याकडे आहे" असं झालं की ती खोली मोजली जात नाही आणि आकडा घटतो. लॉफ्टची शिडी, बॉयलरचं कपाट, मीटर, सगळीकडे हात पोचला पाहिजे.

हातात आलेल्या रिपोर्टमध्ये काय तपासायचं?

नावं, सगळ्यांत आधी. आपल्याकडे मुलीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही, आणि रिपोर्टमध्ये तपासनीसाने ऐकून लिहिलेलं सासरचं आडनाव, असं सर्रास होतं. रिपोर्टमध्ये नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तसंच हवं. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टवर असेल तर इथेही. लग्नानंतरचं नाव द्यायचं असेल तर त्यापुढे वेगळं द्यावं.

पत्ता पोस्टकोडसकट आणि फ्लॅट नंबरसकट. तपासणीची तारीख. तपासनीसाचं नाव, पात्रता, सही, संपर्क. प्रत्येक खोलीचं माप. सध्या राहणाऱ्यांची यादी आणि नव्याने येणाऱ्याचं नाव. मान्य संख्या किती, अर्जदार आल्यावर प्रत्यक्ष किती. १९८५ च्या कायद्याचा उल्लेख. धोक्यांबद्दलचा निष्कर्ष. फोटो. "घर छान आणि मोकळं आहे" अशा वाक्याचा काही उपयोग नाही, बेरीज हवी. बेरीज नसेल तर रिपोर्ट परत पाठवून दुरुस्त करून मागा.

रिपोर्टसोबत आणखी कोणते कागद?

भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि घरमालकाचं पत्र. पत्रात पत्ता, अर्जदाराचं नाव, ती तिथे राहायला येणार याला हरकत नाही हे, आणि घरात एकूण किती माणसं राहतील तो आकडा असावा. कराराची मुदत संपत आली असेल तर राहणं पुढे चालू असल्याचा उल्लेखही. करारात "दोनच रहिवासी" अशी अट असते, ती वाचून बघा. मुलाने घर दुसऱ्या भाडेकरूकडून घेतलं असेल तर मूळ मालकाची परवानगी लागते. घर नातेवाइकांचं असेल तर मालकी दाखवणारा लँड रजिस्ट्रीचा उतारा, कर्ज असेल तर मॉर्गेजचं स्टेटमेंट, आणि मालकाचं पत्र: अमुक खोली या दोघांना वापरायला दिली आहे.

कौन्सिल टॅक्सचं बिल जोडण्याआधी नीट बघा. एकटा राहणाऱ्याला तिथे २५ टक्के सवलत मिळते. बिलावर ती सवलत दिसते आणि रिपोर्टमध्ये त्याच घरात भाऊ-भावजयही राहतात असं लिहिलेलं असतं, हा विरोध अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. आधी कौन्सिलला कळवून बिल दुरुस्त करून घ्यावं. घराच्या एनर्जी सर्टिफिकेटवर एकूण क्षेत्रफळ असतं आणि ते ऑनलाइन फुकट दिसतं. रिपोर्टमधल्या मापांची बेरीज त्याच्याशी ताडून बघा. खूप फरक असेल तर कुठेतरी माप चुकलं आहे.

रिपोर्ट किती जुना चालतो?

नियमात मुदत दिलेली नाही. पण रिपोर्ट त्या दिवशीच्या घराबद्दल बोलतो, म्हणून अर्ज करतेवेळी तीन महिन्यांच्या आतला ठेवावा. मधल्या काळात घरात माणूस वाढला किंवा कमी झाला तर जुना रिपोर्ट निरुपयोगी. ऑनलाइन अर्ज भरून पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे देण्याआधी कागद अपलोड करायचे असतात. साताऱ्याहून किंवा सांगलीहून पुण्याची अपॉइंटमेंट घेताना रिपोर्ट हातात आला आहे याची खात्री करूनच तारीख ठरवा.

मग आमच्या इथल्या घराचं आणि शेताचं व्हॅल्युएशन कशासाठी करतात?

काही देशांच्या स्टुडंट किंवा व्हिजिटर व्हिसाला कुटुंबाची आर्थिक स्थिती दाखवायला. युकेच्या जोडीदार व्हिसाला जमिनीची किंमत उत्पन्न म्हणून धरत नाहीत. ११ एप्रिल २०२४ पासून तिथे वर्षाला २९,००० पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं, किंवा फक्त शिलकीवर अर्ज असेल तर ८८,५०० पौंडांची रोख शिल्लक. तासगावची द्राक्षबाग दोन कोटींची असली तरी या हिशेबात ती शून्य. बाग किंवा प्लॉट विकून पैसे खात्यात आले तर ते रोख म्हणून धरता येतात, पण आधी मालकी कुणाची होती, विक्री कधी झाली आणि पैसा कुठून कुठे गेला, याची कागदांची साखळी लागते. जोडीदारांच्या मालकीच्या घराचं भाडंही उत्पन्नात धरता येतं, मग त्याचा करार आणि बँकेतल्या नोंदी लागतात.

व्हॅल्युएशन करायचंच असेल तर कुणाकडून, आणि कागद कोणते?

आयकर खात्याकडे नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून. इंजिनिअरच्या लेटरहेडवरचा अंदाज चालत नाही. घरासाठी शहरात प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीची पावती, खरेदीखत आणि इंडेक्स टू. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि स्वामित्व योजनेत मोजणी झाली असेल तर सनद किंवा प्रॉपर्टी कार्ड. शेतीसाठी डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ आणि लागतील ते फेरफार. डिजिटल सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो.

सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर आधी वारसनोंद. तीन चुलत्यांचं सामाईक खातं असेल तर अख्ख्या गटाची किंमत वडिलांच्या नावावर दाखवता येत नाही, आपला हिस्साच धरावा लागतो. इतर हक्कांत विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तोही रिपोर्टमध्ये यायला हवा. क्षेत्र वाचताना चूक होते ती अशी: ०.०४.०० म्हणजे चार आर, जवळपास चार गुंठे. ते चाळीस गुंठे धरून किंमत काढली की पुढचा सगळा कागद खोटा ठरतो. सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट जोडत असाल तर त्यावर यूडीआयएन नंबर असलाच पाहिजे, त्यावरून ते खरं आहे का हे कुणालाही तपासता येतं.

मराठी कागदांचं भाषांतर हवं का?

हो, सातबारा, नमुना आठ, मराठीतला लग्नाचा दाखला, सगळ्यांचं. पूर्ण भाषांतर, सारांश नाही. खाली भाषांतरकाराने हे अचूक आहे असं लिहून नाव, तारीख, सही आणि संपर्क द्यावा. युकेमधला घर-तपासणी रिपोर्ट मुळातच इंग्रजीत असतो, त्याला काही लागत नाही.

अर्ज दिल्यानंतर मुलाने घर बदललं तर?

लगेच कळवावं, आणि नव्या घराचे कागद पाठवावेत. गरज असेल तर नवा रिपोर्ट. जुन्या घराच्या रिपोर्टवर व्हिसा मिळवून दुसरीकडे जाणं टाळा, कारण पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो आणि मुदतवाढीच्या वेळी घराचा मुद्दा पुन्हा तपासला जातो.

घराच्या कारणावर अर्ज नाकारला गेला. आता काय?

नकाराच्या पत्रातलं वाक्य नीट वाचा. "पुरावा अपुरा" आणि "घरात गर्दी" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरावा अपुरा असेल तर पूर्ण रिपोर्ट आणि घरमालकाचं पत्र घेऊन अपील किंवा नवा अर्ज करता येतो. युकेबाहेरून अपिलाला निर्णय मिळाल्यापासून २८ दिवस असतात. घरात गर्दी असेल तर नवा कागद कामाचा नाही, आधी घर बदलावं किंवा घरातली माणसं कमी व्हावीत, आणि ते झाल्यावर नवीन तपासणी. अपिलाला महिनोन् महिने लागतात, म्हणून घर बदललेलं असेल तर वकिलाला विचारून बहुतेकजण सरळ नवा अर्ज करतात. नव्या अर्जात आधीचा नकार लपवू नका. "पूर्वी व्हिसा नाकारला होता का" या प्रश्नाला "हो" लिहायचं, तारीख द्यायची, आणि त्यानंतर घरात काय बदललं ते कव्हर लेटरमध्ये मापांसकट मांडायचं.